रुखमाबाईचं ‘नाही’

चंपतरावांनी हौदाला डांबर लावलं तेव्हा कोणाला विचारलं नव्हतं. जुनं चर्च सोडलं तेव्हाही नाही, आणि नवीन बॅप्टिस्ट मंडळी काढायचं ठरवलं तेव्हाही नाही. घरात तीच पद्धत होती. ते ठरवायचे, आणि घरच्यांनी काय ठरवलं तेही मग तेच बाहेर सांगायचे.

हौद सागवानाचा होता. लकडगंजात ज्याची स्वतःची आरा मशीन आहे, तो सिमेंटच्या हौदात बाप्तिस्मा घेईल का? शक्यच नव्हतं. त्यांनी मशीनच्या शेडमध्ये, चिरलेल्या फळ्यांच्या थप्प्या बाजूला सारून, छातीभर पाणी राहील असा हौद ठोकला. उतरायला पायऱ्या केल्या. पाणी सोडलं तर सगळ्या सांधीतून धारा. मग डांबराचा डबा आणून सांधी बुजवल्या, उरलेलं डांबर पायऱ्यांना फासलं. मे महिन्यात. नागपुरात.

“वाळलं का गा?” त्यांनी नत्थूजी मिस्त्रीला विचारलं.

“वरून वाळलं.”

“मंग झालं.”

खरं कारण बेंच होतं, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. जुन्या चर्चमध्ये पुढून तिसरा बेंच यांच्या बापाच्या वेळेपासून यांचा. मागच्या वर्षी तो नवीन आलेल्या एका डॉक्टरच्या कुटुंबाला दिला गेला, आणि देणाऱ्या पंचांमध्ये चंपतरावांचा सख्खा धाकटा भाऊ रुपराव होता. चंपतराव त्याच रविवारी गाणं अर्ध्यात सोडून उठले. त्यानंतर कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी शिंपडणं हा काही खरा बाप्तिस्मा नाही. बॅप्टिस्ट लोकांचं बरोबर आहे. कळत्या माणसानं स्वतःच्या तोंडानं हो म्हणायचं आणि पाण्यात पूर्ण बुडायचं.

त्यातला बुडायचा भाग त्यांना फार आवडला. आधीच्या भागाकडे लक्षच गेलं नाही.

आज रविवार. सगळं जमलेलं. नगरकडून पाळक शांतवन आले होते, संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होते. आज बाप्तिस्मे, मग मंडळीची पहिली सभा, सभेत डीकनची निवड. डीकन म्हणजे मंडळीचा कारभारी. कोण होणार हे अख्ख्या लकडगंजाला माहीत होतं, कारण चंपतरावांनी अख्ख्या लकडगंजाला सांगून ठेवलं होतं. रुपराव तिकडे पंच, तर आपण इकडे डीकन. हिशोब साफ.

*

शेडला लागूनच घर. घरात बायकांची तयारी चालली होती.

“जाड झंपर घालजो, रुखमे,” जयवंताबाई म्हणाल्या. “पाण्यात पातळ अंगाले चिकटते. पुरा मोहल्ला पाहाले आला हाय. तो रुपराव बी फाटकापाशी लाकडावर छत्री घेऊन बसला हाय.”

जयवंताबाई चंपतरावांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडे. या घरात तिचं आणि रुखमाबाईचं लोणच्याच्या मिठावरून सुरू झालेलं भांडण अजून चालूच होतं. मधूनमधून विषय बदलायचा, एवढंच.

“हूं,” रुखमाबाई म्हणाल्या. त्या वांगी चिरत होत्या. बाप्तिस्म्यानंतर सगळ्यांचं जेवण इथंच होतं.

“हूं काय? पातळ बदल ना. तुलेच पहिलं बोलावतीन.”

रुखमाबाईंनी पांढरं पातळ नेसलं. नेसताना त्यांना बाप आठवत होता. सकाळपासून तोच आठवत होता. रामाजी प्रचारक. कळमेश्वरकडच्या खेड्यांमध्ये पायी फिरायचा, खांद्यावर झोळी, झोळीत पुस्तक आणि पितळी लोटी. रुखमाबाई जन्मल्या तेव्हा नाल्याला पूर होता, पाद्री येऊ शकला नाही. शेवटी बापानंच लोटीतलं पाणी तिच्या डोक्यावर शिंपडलं. “पोरगी रडली नाही,” तो मरेपर्यंत लोकांना सांगायचा, “माह्याकडे पाहून हसली.”

आज त्या हौदात उतरायचं म्हणजे काय? म्हणजे त्या दिवशी बापानं पोरीचं डोकं ओलं केलं, बाकी काही नाही.

हे त्या कोणाला बोलल्या नव्हत्या. कोणी विचारलंच नव्हतं.

*

शेडमध्ये चार-पाच घरची माणसं बेंचांवर बसली होती, काही सक्करदऱ्याकडून आलेली. बेंच सगळे नवे, चंपतरावांनीच केलेले. पाळक शांतवन किडकिडीत, चष्मा लावलेले, हळू बोलणारे. चंपतरावांना वाटलं होतं, असा माणूस ऐकून घेतो.

“हे आमचं घर,” चंपतरावांनी हात फिरवला. “माही बायको, पोरगा कृष्णकांत, सून तारा, बहीण. सगळे तयार हाय. करा सुरू.”

“एकेकाला विचारून घेतो,” पाळक म्हणाले.

“विचारलं समजा.”

“समजून चालत नाही हो.”

“मी घरचा मोठा हाय. सगळ्यांचं मी हो म्हणून राहिलो ना.”

“आपल्यात कोणी दुसऱ्याचं हो म्हणत नाही, चंपतराव. म्हणून तर तान्ह्या मुलांना आपण बाप्तिस्मा देत नाही.”

चंपतरावांनी मान हलवली. नियम आहे, विचारू दे बिचाऱ्याला. “बरोबर. मंग माह्या बायकोपासून करा.”

रुखमाबाई पुढे आल्या. पाळकांनी विचारलं, “रुखमाबाई, कोणाच्या सांगण्यावरून नाही, आपल्या स्वतःच्या मनानं तुम्ही हा बाप्तिस्मा घेऊ इच्छिता का?”

“नाही,” रुखमाबाई म्हणाल्या.

बेंचांवरच्या सगळ्या माना चंपतरावांकडे वळल्या.

“तिले ऐकू नाही आलं,” चंपतराव म्हणाले. “मोठ्यानं विचारा.”

पाळकांनी मोठ्यानं विचारलं.

“नाही,” रुखमाबाई मोठ्यानं म्हणाल्या.

फाटकाकडून रुपरावांचं हसू आलं. चंपतराव बायकोच्या अंगावर धावले, म्हणजे दोन पावलं टाकून थांबले. “काहून?”

“काहून म्हणजे? त्यांनी विचारलं, मी सांगितलं.”

“ठीक आहे,” पाळक म्हणाले. “तुम्ही बसा, आई. हरकत नाही. पुढे कोण?”

“ठीक काय हाय?” चंपतराव ओरडले. मग त्यांनी आवाज खाली आणला. “राहू द्या तिले. पण माह्या डीकनचं तर काही अडत नाही ना?”

पाळकांनी चष्मा काढून पुसला. “अडतं. डीकन होणाऱ्याचं घर त्याच्यासोबत असावं असं शास्त्रात आहे. बायकोच बाहेर असेल तर मी तुमचं नाव मांडू शकत नाही.”

“हौद मी बांधला!”

“फार छान बांधला आहे.”

“शेड माही! बेंच माहे!”

“देव भलं करो.”

चंपतरावांनी फाटकाकडे पाहिलं. रुपरावांनी लांबूनच छत्री उंचावून नमस्कार केला.

“चहा घेऊ,” चंपतराव म्हणाले. “तवर मी पाह्यतो.”

*

पहिला कृष्णकांतला धाडला. तो पोस्टात होता, समजावून सांगण्यात हुशार समजला जायचा.

रुखमाबाई परत वांग्यांकडे बसल्या होत्या, पांढऱ्या पातळातच.

“आई, एक डुबकी तर हाय वं. नाक दाबलं, डोळे मिटले, झालं.”

“तुले पाहिजे का?”

“मले?”

“हो, तुले. बाप्तिस्मा.”

“बाबा म्हणाले...”

“मी बाबाचं नाही विचारून राहिली.”

कृष्णकांत उभा राहिला. एक वांगं उचललं, परत ठेवलं. त्याला तीस वर्षं होत आली होती आणि हा प्रश्न त्याला नवाच होता. तो बाहेर आला तेव्हा चंपतराव ओट्यावर वाट पाहत होते.

“मंग?”

“मले विचार कराले लागन,” कृष्णकांत म्हणाला.

“तुले? तुह्या मायचं विचारलं मी!”

“तेच. तिनं मले विचारलं.”

आता तारा उठली. तिला कोणी धाडलं नव्हतं. तारा कळमेश्वरकडच्या शेतकऱ्याची पोरगी, हिंदू घरची, कृष्णकांतसोबत कचेरीत जाऊन लग्न केलेली. ती घरात आल्यापासून सगळे वाट पाहत होते की ही कधी बाप्तिस्मा घेते. कोणी बोलत नसे, पण जेवताना प्रार्थना झाली की सगळे एक डोळा उघडून तिच्याकडे पाहायचे.

ती सासूसमोर बसली आणि परातीत कणीक घेतली.

“आई, मले घ्यायचा हाय बाप्तिस्मा.”

“मंग घे ना.”

“तुम्ही नाही म्हणता अन् मी कशी जाऊ? लोक म्हणतीन, सून सासूच्या वर गेली.”

“माह्या नाहीवर तुहं हो टांगलं हाय का?” रुखमाबाई म्हणाल्या. “पण सांग, काहून घेतं? यांच्यासाठी?”

“माहेरी म्हणतात, त्या लोकांनी तुले बाटवलं.” तारानं कणकेला असा ठोसा दिला की परात सरकली. “आज त्या पाळकानं सगळ्यांसमोर मले विचारलं अन् मी हो म्हटलं, का मंग मले कोणी बाटवलं नाही. मीच गेली. माह्या पायानं.”

रुखमाबाईंनी विळी बाजूला केली आणि सुनेकडे पाहिलं. “जाय,” त्या म्हणाल्या. “कणीक मी मळतो. तू जाय.”

चंपतरावांकडे आता एकच मोठी तोफ उरली होती. “आक्का,” ते म्हणाले, “तू जाय. तू तिले भीत नाही.”

“मी कोणालेच भीत नाही,” जयवंताबाई म्हणाल्या आणि पदर खोचून आत गेल्या. मनातून त्या खूश होत्या. रुखमीला सगळ्यांच्या वतीनं, हक्कानं, पोटभर बोलायची संधी रोज येत नाही.

“काय वं, तमाशा लावला? माह्या भावाची इज्जत काढली त्या रुपरावासमोर?”

“बसा,” रुखमाबाई म्हणाल्या. “तुम्हाले माहा बाप आठवते का?”

“रामाजी? आता त्याचं काय?”

“त्यानं माह्या डोक्यावर पाणी घातलं होतं. लोटीनं. आज मी हौदात गेली का ते पाणी खोटं. म्हणजे बाप खोटा. तो काही शिकला नव्हता, पण खोटं नाही बोलला कधी. मी नाही त्याले खोटं पाडत.”

जयवंताबाई पाटावर बसल्या. खोचलेला पदर त्यांनी सोडला. त्यांचा नवरा पटकीनं गेला तेव्हा गावातलं कोणी दारात आलं नव्हतं. रामाजी आला होता. त्यानं मातीही दिली आणि रात्रभर अंगणात बसून राहिला, काही न बोलता, नुसता खोकत.

“खोकला किती होता वं त्याले,” त्या म्हणाल्या.

“हो ना.”

मग जयवंताबाईंनी वांग्याच्या फोडी पाहिल्या. “मोठ्या झाल्या ह्या. शिजाच्या नाही.”

“शिजतीन.”

त्या बाहेर आल्या. “चंपत, तिचं बरोबर हाय गा. तिच्या बापानंच तिच्या डोक्यावर पाणी घातलं होतं.”

“तुले समजवाले धाडलं होतं!”

“गेली होती ना मी. तिनंच मले समजावलं.”

“मंग तू बी नाही घेत का आता?”

“मी काहून नाही घेणार? माह्या बापानं थोडीच पाणी घातलं होतं? तो तर त्या दिवशी बाजारात गेला होता.”

एवढ्यात रुपराव छत्री मिटून सरळ चुलीपर्यंत आले. आरा मशीनवर त्यांनी वर्षभरात पाय ठेवला नव्हता. भावाकडे न पाहता ते दारातून म्हणाले, “वहिनी, शाबास. आमच्या चर्चची लाज राखली. या बुडव्यांच्या नादी नोका लागू. पुढच्या रविवारी आमच्याकडे या. बेंचचं मी पाह्यतो.”

“भाऊजी,” रुखमाबाई म्हणाल्या, “बेंच दिला तेव्हा मले विचारलं होतं का?”

“आता, ते पंचांचं...”

“त्या बेंचवर मी बी बसत होती ना? माही बी जागा होती ना? यांनी विचारलं नाही, तुम्ही तरी विचारलं का?”

रुपरावांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

“मी तुमच्याकडची बी नाही, यांच्याकडची बी नाही,” रुखमाबाई म्हणाल्या. “आता आले तर जेवून जाजा. वांग्याची भाजी हाय.”

रुपराव गेले नाहीत. वांग्याची भाजी रुखमावहिनीचीच, हे दोन्ही चर्चना मान्य होतं.

शेवटी चंपतराव स्वतः दारात उभे राहिले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. आत जायचं की नाही हे न ठरवता त्यांनी दारातूनच आवाज दिला.

“तू पाण्यात जातं का नाही?”

रुखमाबाईंनी वर पाहिलं. “अजी, हे विचारून राहिले का सांगून राहिले?”

चंपतरावांनी तोंड उघडलं. फरक काय आहे हे त्यांना खरंच कळलं नाही. तोंड मिटून ते शेडकडे गेले.

*

पाळकांनी पुन्हा सुरुवात केली. नत्थूजी मिस्त्री हात जोडून पुढे आला.

“तुम्ही आपल्या मनानं येता का?”

“नाही जी. मालकानं सांगितलं म्हणून.”

“मग राहू द्या.”

“जाऊ?” नत्थूजीचा चेहरा उजळला. तो इतक्या लवकर नाहीसा झाला की चंपतरावांना त्याच्याकडे डोळे वटारायलाही वेळ मिळाला नाही.

कृष्णकांत हो म्हणाला. हळू म्हणाला, पण विचार करून म्हणाला. तारा इतक्या जोरात म्हणाली की रस्त्यावरचा हमालही थांबला. जयवंताबाई म्हणाल्या, “हो. पण कान धरून ठेवा माहा, पाणी जाते.”

मग चंपतराव. त्यांनी छाती पुढे काढली. शिंपडणं आणि बुडवणं यावर त्यांचं एक भाषण तयार होतं.

“खरं सांगजो गा,” मागून जयवंताबाई म्हणाल्या.

भाषण गेलं. चंपतराव हौदाकडे पाहत राहिले.

“सुरुवात बेंचपासून झाली,” ते म्हणाले.

“आणि आता?” पाळकांनी विचारलं.

“आता... रोज हा हौद ठोकत होतो ना मी. ठोकता ठोकता वाटलं का आपण बी एकदा पुरे धुऊन निघावं.” त्यांनी मान खाजवली. “हो. मले पाहिजे. पण डीकन बी पाहिजे.”

“पहिलं मिळेल,” पाळक म्हणाले आणि पाण्यात उतरले.

दुपार भरात आली होती. शेडचा पत्रा तापून तडतड वाजत होता आणि हौदातलं पाणी आंघोळीला विसण घालावं लागेल इतकं कोमट झालं होतं. डांबर, नत्थूजी म्हणाला होता तसं, वरून वाळलेलं होतं.

कृष्णकांत आधी गेला. पाळकांनी त्याला पाठीवर धरून मागे झुकवलं, पूर्ण बुडवलं, उठवलं. सगळ्यांनी गाणं सुरू केलं. तो पायऱ्या चढून वर आला आणि वळला, तेव्हा मागच्या बेंचवरचं गाणं एकदम थांबलं. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, काळा पट्टा उमटला होता.

“गात राहा!” चंपतराव ओरडले.

तारा गेली. येताना तिनं फळीचा आधार घेतला, आणि वर येऊन जोडलेले हात सुटेनात. सक्करदऱ्याचे लोक एकेक करून गेले आणि एकेक करून रंगून आले. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि त्याला दोन्ही गालांवर मिशा आल्या.

जयवंताबाई बुडाल्या, उठल्या, “हालेलूया” म्हणाल्या, आणि पायरीवर अडकल्या.

“सोडून नाही राहिलं!”

“कोण, आत्याबाई?”

“पायरी! ओढ नं वं मले!”

तारानं एक हात ओढला, कृष्णकांतनं दुसरा. पातळ फळीला चिकटलेलं, ते फर्रकन सुटलं आणि तिघं एकमेकांच्या अंगावर बेंचमध्ये जाऊन पडले. फाटकापाशी रुपराव पोट धरून लाकडावरून घसरले.

शेवटी चंपतराव. मोठा देह. पाण्यात गेले तेव्हा हौदातलं पाणी काठावरून बाहेर आलं, आणि वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की हसणारे गप्प झाले. क्षणभर ते लहान पोरासारखे दिसत होते. मग त्यांनी मागे हात फिरवला, हाताकडे पाहिलं आणि पुन्हा चंपतराव झाले.

“नत्थूजी! तू म्हणाला वाळलं!”

“वरून म्हटलं होतं, मालक,” थप्पीमागून आवाज आला.

पाळक शांतवन मात्र हौदातच होते. पहिल्या बाप्तिस्म्यापासून एकाच जागी उभे. त्यांनी एक पाय उचलायचा प्रयत्न केला, मग दुसरा. मग ते अत्यंत शांतपणे म्हणाले, “चंपतराव, मला वाटतं मी निघत नाहीये.”

त्यांना काढायला चार माणसं लागली. चौथे रुपराव होते.

तेवढ्यात रुखमाबाई बाहेर आल्या. हातात रॉकेलची बाटली आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या. काही न बोलता त्या ओट्यावर बसल्या. पहिली तारा त्यांच्यासमोर जाऊन बसली, हात पुढे करून. मग रांगच लागली. नवीन मंडळीतला एकेक माणूस येत होता, आणि त्या एकेकाला घासून काढत होत्या. पाळकांचे पाय घासताना मात्र त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

“तुम्ही मला लाजवता, आई,” पाळक संकोचून म्हणाले.

“हलू नोका. पोटरीवर राहिलं हाय.”

*

पहिली सभा रॉकेलच्या वासात भरली. विडी ओढायची कोणाची हिंमत नव्हती.

पाळकांनी सांगितलं, ज्यांचा आज बाप्तिस्मा झाला त्या प्रत्येकाला एक मत. बाईला एक, पुरुषाला एक, म्हाताऱ्याला एक, तरुणाला एक.

“सुनेले बी एक?” चंपतरावांनी विचारलं.

“सुनेलाही एक.”

“अन् मले?”

“तुम्हालाही एक.”

चंपतरावांनी हे ऐकलं आणि त्यांना पहिल्यांदा कळलं की आपण जुनं चर्च सोडून नेमकं कुठे आलो आहोत. तिकडे पाच पंचांशी भांडावं लागत होतं. इथं सगळेच पंच होते.

कृष्णकांतनं बापाचं नाव मांडलं. पाळकांनी मान हलवली. घराची अट. चंपतराव बेंचच्या पाठीला बोटं लावून बसले. सक्करदऱ्याच्या म्हाताऱ्यानं स्वतःचंच नाव घेतलं, पण त्याच्या दोन सुना अजून जुन्या चर्चमध्ये होत्या. दुसऱ्या एकाचा मुलगा आलाच नव्हता. प्रत्येकाच्या घरातलं कोणीतरी कोरडं निघत होतं.

“आत्याबाईचं नाव घ्या,” तारा म्हणाली.

“बाई?” चार आवाज आले.

“त्यांच्या घरात कोण हाय? त्याच एकट्या. ते पुरं घर पाण्यात गेलं.” तारानं चोहीकडे पाहिलं. “दुसऱ्या कोणाचं गेलं असन तर सांगा.”

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बराच वेळ विचार केला. “शास्त्राच्या बाहेर आहे असं मला म्हणता येत नाही,” ते शेवटी म्हणाले.

हात वर झाले. बायकांचे सगळे. पुरुषांचे थोडे. कृष्णकांतनं बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि हात वर केला.

“मले?” जयवंताबाई म्हणत होत्या. “मले कायले? मले गुडघे दुखते.” पण त्या उठून उभ्या राहिल्या होत्या आणि पदर नीट करत होत्या. जुन्या चर्चमध्ये विधवांची जागा सगळ्यात मागे, दाराजवळ होती. हे कोणी बोललं नाही.

चंपतरावांनी फाटकाकडे पाहिलं नाही. भाऊ आता तिथं नव्हताच, आत येऊन मागच्या बेंचवर बसला होता आणि हसत नव्हता. ते त्याहून वाईट होतं.

“शेवटची प्रार्थना करू,” पाळक म्हणाले. “माझी गाडी आहे.”

“थांबा.”

रुखमाबाई ओट्यावरून उठल्या. चिंधीला हात पुसत शेडमध्ये आल्या.

“मले एकदा अजून विचारा.”

बेंचांवर कुजबुज झाली. जयवंताबाई चटकन म्हणाल्या, “चंपत, ती हो म्हणाली तर तूच होजो गा डीकन. माह्या गुडघ्याचं काय खरं.”

“मी दोनदा विचारलं आहे, आई,” पाळक म्हणाले.

“तुम्ही नाही.” त्यांनी हनुवटीनं दाखवलं. “यांनी.”

चंपतराव उठले. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईला त्यांनी बोलावलं होतं, सांगितलं होतं, रागावलं होतं, एकदा सोन्याच्या पाटल्या करून आणल्या होत्या. त्यांनी घसा खाकरला.

“मंग, येतं ना?”

“हे विचारणं नाही.”

“मंग कसं विचारू?”

“मले काय माहीत? मले कोणी विचारलं का कधी?”

चंपतराव दोन बेंचांच्या मधून तिच्यापर्यंत गेले. त्यांचा आवाज इतका खाली आला की मागच्यांना मान पुढे करावी लागली.

“तुले पाहिजे का, रुखमा? नसन पाहिजे तर नोको. डीकनचं राहू दे. ते आक्का करन.” ते थांबले. “मी तुह्या बापाचं ऐकलं आत्ता आक्काकडून. मले माहीत नव्हतं. तुले पाहिजे का?”

रुखमाबाईंनी नवऱ्याला पाहून घेतलं. घाईनं नाही, सावकाश, लग्नात पदराआडून पाहायचं राहिलं असेल तेही जमा धरून. तारानं कृष्णकांतचा हात धरला.

“नाही,” रुखमाबाई म्हणाल्या.

“बरं,” चंपतराव म्हणाले.

त्या घरात हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. तो निघाला आणि आरा मशीन कोसळली नाही, पत्रा उडाला नाही. त्यांनी सरकून बेंचवर जागा केली. रुखमाबाई बसल्या. पाळकांनी हात वर केले, सगळ्यांनी डोळे मिटले, चंपतरावांनीही.

रुखमाबाईंनी नाही मिटले. त्या थोड्या त्यांच्याकडे झुकल्या.

“पुढच्या रविवारी बी विचारजा,” त्या हळूच म्हणाल्या.